शनिवारी तोललेले बाण

आमचा शिकारीचा कॅम्प म्हणजे सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीच्या कडेला बांधलेली एक लाकडी खोली. आत चार बिछाने, एक चूल, आणि दारासमोरच्या भिंतीत ओळीनं ठोकलेले तीन खिळे. त्या खिळ्यांवर तीन धनुष्यं टांगलेली असत, दोऱ्या उतरवलेली. त्यांना कुणी हात लावत नसे. लहान होते तेव्हा मला वाटायचं, शोभेला लावली आहेत.

मोठी झाल्यावर कळलं की तो कॅम्पचा नियम होता. नेम चुकला, बाण नुसताच झाडाझुडपात गेला, तर शर्टाचा मागचा सोगा कात्रीनं कापायचा आणि तारीख घालून भिंतीवर लावायचा. सगळ्यांनी हसायचं, कॉफी प्यायची, झालं. पण हरीण जखमी होऊन निसटलं आणि दोन दिवस माग काढूनही सापडलं नाही, तर तिथं हसणं नव्हतं. त्या मोसमापुरतं धनुष्य खिळ्यावर जायचं. तेच दुसऱ्यांदा झालं तर कायमचं. मग त्या माणसानं कॅम्पला खुशाल यावं, लाकडं फोडावीत, बटाटे सोलावेत, बाण मात्र सोडायचा नाही.

त्या तिन्हींतलं मधलं धनुष्य माझ्या वडिलांचं होतं.

त्यांना आम्ही इसा म्हणत असू, आमच्या घरच्या भाषेत बाबा. नाव विल्यो. तांब्याच्या खाणीत अर्धं आयुष्य गेलं, आणि उरलेल्या वेळात ते बाण करत. सुपीरियर सरोवराच्या आमच्या काठावर त्या काळी धनुष्यानं शिकार करणारे मोजकेच होते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या भात्यात इसांचे बाण असत. स्वतः मात्र त्यांनी १९५० नंतर एकही बाण हरणावर सोडला नव्हता.

मी एकवीस वर्षांची झाले तेव्हा कॅम्पला जायचा हट्ट धरला. कॅम्प ओनीकाकांचा, म्हणजे इसांच्या थोरल्या भावाचा. तिथं बाई कधी धनुष्य घेऊन गेली नव्हती. ओनीकाकांनी पाईप तोंडातून न काढता विचारलं, "कॉफी करता येते?" मी म्हटलं, "येते, पण तुमच्याहून वाईट." ते हसले, आणि मला दारापाशी चौथा बिछाना मिळाला.

त्या वर्षी माझ्या भात्यात माझा भाऊ रुडी याचे जुने ॲल्युमिनियमचे बाण होते. पोस्टानं मागवलेले, चकचकीत, पेन्सिलीसारखे हलके. इसांनी ते हातात घेऊन नुसतेच परत ठेवले होते. मोसमाच्या चौथ्या दिवशी हरणाची एक मादी वीस पावलांवर आली. बाण लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण तो खांद्याच्या हाडाला भिडला आणि दोन बोटं आत जाऊन तिथंच थांबला. मादी उसळली, बाण खांद्यावर हलत होता, आणि ती दलदलीत शिरली.

दोन दिवस आम्ही चौघं त्या पाण्यातून, मुळ्यांवरून फिरलो. पहिल्या दुपारनंतर रक्ताचा थेंबसुद्धा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी कावळे ओरडले की मी दाराबाहेर जाऊन बघायचे.

ओनीकाकांनी स्वतः माझ्या धनुष्याची दोरी उतरवली आणि चौथा खिळा ठोकला. "सैमी, पुढच्या वर्षी ये. पण पुन्हा असं झालं तर धनुष्य खिळ्याला आणि तू चुलीला. बाई आहेस म्हणून सांगत नाही. तुझ्या बापालाही मीच सांगितलं होतं."

इसा चुलीपाशी बटाटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९६१ साली, मी इसांच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला बाण हवेत. रुडी तिथंच दारात बसून सफरचंद खात होता.

"माझे काय वाईट होते?" तो म्हणाला.

"तुझे आत गेले नाहीत."

"हाडावर मारलास तर कुणाचाच जाणार नाही. नेम तुझा चुकला, आणि बोल माझ्या बाणांना." तो इसांकडे वळला. "आता तुम्ही हिला ते सोटे करून देणार, माहीत आहे मला. अहो, बेचाळीस पौंडांच्या ओढीचं हलकं धनुष्य आहे तिचं. त्याला जड बाण म्हणजे शिंगराला ओंडक्यांची गाडी जुंपल्यासारखं!"

"आणि हलका बाण?" इसांनी रंध्याची धार अंगठ्यानं पाहत विचारलं.

"हलका म्हणजे वेग. दोरी वाजली, हरणानं कान टवकारले, तेवढ्यात बाण पोचलेला असतो."

"पोचतो खरा. मग?"

"मग काय?"

"पोचल्यावर काय करतो? दार वाजवून परत येतो?"

मला हसू आलं. रुडीला ते झोंबलं असावं. त्यानं सफरचंदाचा गाभा बाहेर भिरकावला आणि म्हणाला, "वजनाचं एवढं कळतं, तर तुमचं धनुष्य कुठं असतं हो, इसा?"

हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. इसांनी रंधा खाली ठेवला.

"खिळ्यावर असतं," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर कळतं. दोन्ही वेळा बाण हलका होता. तेव्हा मीही तुझ्याइतकाच हुशार होतो."

रुडीनं मान खाली घातली. त्याचा स्वभाव वाईट नव्हता, जीभ तेवढी आधी धावायची. इसांनीच त्याला त्यातून सोडवलं. "जा, तुझ्या आईला सरपण लागतंय." तो गेल्यावर ते मला म्हणाले, "वजन मी ठरवणार नाही, पोरी. धनुष्य तुझं, हात तुझा आणि खिळाही तुझाच. तू ठरव. चुकलीस तर हसेन, पण आधी सांगणार नाही."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढं सगळं माहीत असलेला माणूस घरात आणि मी चाचपडत बसायचं! आज वाटतं, त्यांनी मला दिलेल्या वस्तूंमध्ये ती सगळ्यात मोठी होती.

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे जवाच्या एका दाण्याएवढं. रुडीचा बाण टोकाच्या पात्यासकट तीनशे नव्वद भरायचा. मी ठरवलं, माझा पाचशे चाळीस. त्यासाठी काही फार मोठी विद्या लागली नाही. माझं धनुष्य जोरकस नव्हतं, ते जोरकस होणारही नव्हतं. मग जो काही जोर होता तो वाया न घालवता धरून ठेवील असा बाण हवा होता. हलक्या बाणाला दोरी झटका देते आणि उरलेला झटका धनुष्यातच थरथरत राहतो, त्याचाच तो टणत्कार, ज्यानं हरीण दचकतं. जड बाण सोडला की धनुष्य खोकल्यासारखं हळूच वाजतं. हे मी जुलैच्या एका दुपारी कानानं ऐकलं आणि माझी खात्री पटली.

मग प्रश्न आला की हे वाढीव वजन बाणात कुठं घालायचं. मी सोपा मार्ग धरला. इसांच्या सीडरच्या काड्या घेतल्या आणि पात्याच्या मागं शिशाचा तुकडा बसवला. बाण पुढं जड झाला की सरळ जाणार, जिथं डोकं जाईल तिथं शेपूट जाणार, असं माझं गणित. पहिला बाण भुशाच्या पोत्याकडे निघाला तो मासोळीसारखा शेपटी हलवत, आणि पोत्याला आडवा लागून खाली पडला. दुसरा तसाच. तिसरा कोंबड्यांच्या खुराड्यात.

इसा दारात उभे होते. सांगितल्याप्रमाणे ते हसले, अगदी पोट धरून.

"डोकं जड केलंस," हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "आणि पाठ तीच ठेवलीस. ओझं वाढवलं तर पाठ नको का तशी ताठ?"

एवढंच सांगितलं, पण पुरलं. दोरीचा धक्का मागून बसतो आणि जड डोकं पुढून जागचं हलत नाही, तेव्हा काडी मध्ये वाकते. मी सगळ्या काड्या दोन टोकांवर ठेवून मध्ये वजन टांगून पाहिल्या, ज्या कमी वाकल्या त्या बारा निवडल्या. शिसं काढून टाकलं. त्याऐवजी प्रत्येक काडीचे पुढचे चार इंच कापून तिथं मेपलचा तुकडा बसवला, आमच्या अंगणातल्या जुन्या मेपलचा, जो दगडासारखा कठीण असतो. सीडरला खाच, मेपलला पाचर, आणि दोन्हींचा सांधा इतका घट्ट की नखही शिरू नये. माझे पहिले पाच सांधे इसांनी गुडघ्यावर मोडून दाखवले. सहावा मोडला नाही. त्यांनी दोनदा जोर लावून पाहिला, मग तो मला परत दिला आणि नाक शिंकरलं.

आता वजन पुढं आलं, तेही लाकडाचंच, आणि जिथं हाडाला भिडायचं तिथं बाण सगळ्यात मजबूत झाला. तोल पाहायची इसांची रीत अशी होती: दोरीच्या खाचेपासून पात्याच्या मुळापर्यंत लांबी मोजायची, बरोबर मध्यावर पेन्सिलीची रेघ मारायची, आणि बाण चाकूच्या पाठीवर आडवा ठेवायचा. जिथं तो स्थिर राहील ती जागा रेघेच्या किती पुढं आहे ते बोटांनी मोजायचं. रुडीचा बाण रेघेपुढं दीड बोटावर तोलायचा. माझा चार बोटांवर.

"चार बोटं!" रुडी म्हणाला. "हा बाण आहे की कुदळ?"

"कुदळ आत जाते," मी म्हटलं.

राहिलं एक काम, बाराही बाण सारख्या वजनाचे करणं. एक बाण कितीही चांगला असला तरी हात बारांवर सराव करतो, आणि ते बारा वेगवेगळे असतील तर हात काहीच शिकत नाही. इसांकडे बंदुकीची दारू तोलायचा छोटा काटा होता. त्याला वारा सोसायचा नाही, श्वास लागला तरी हलायचा. म्हणून तो आमच्या सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत ठेवलेला असे, जिथं कपडे काढायचे आणि चुलीत लाकूड घालायचं. घट्ट बांधलेली, एकच छोटी खिडकी असलेली ती खोली. तिथं वाऱ्याची झुळूक शिरत नसे.

एका शनिवारी दुपारपासून मी सौनाची चूल पेटवली, कारण शनिवार सौनाचा, आणि पेटवायची पाळी माझी. पहिल्या सहा काड्या चुलीवरच्या फळीवर ओळीनं ठेवल्या होत्या. दगड तापेपर्यंत वेळ होता, म्हणून बसल्या बसल्या ते सहा तोलले. जो जड भरला त्याला सँडपेपर, पुन्हा काट्यावर, पुन्हा सँडपेपर. सहाही बरोबर पाचशे चाळीस. मग घरची मंडळी आंघोळीला आली आणि काम थांबलं. पुढचे चार दिवस पाऊस. बुधवारी मी त्याच खोलीत, त्याच काट्यावर उरलेले सहा तोलले. तेही पाचशे चाळीस. मी बाराही बाणांवर लाल रंगानं आकडे घातले आणि स्वतःवर खूश झाले. वार्निश तेवढं राहिलं होतं. वार्निशलाही वजन असतं, म्हणून ते बाण मारून पाहिल्यावर लावायचं, ही इसांची पद्धत.

मोसम एक ऑक्टोबरला, रविवारी सुरू होणार होता. आधीच्या सोमवारी मी अंगणात चाळीस पावलं मोजली. हरणावर मी एवढ्या लांबून कधीच बाण सोडला नसता, पण बाणाची खोड लांबूनच दिसते.

बारा बाण मारले. पोत्यापाशी गेले. बाणांचे दोन पुंजके झाले होते. सहा वर, सहा खाली, मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर. पुन्हा मारले, पुन्हा तेच. मंगळवारी तेच. मी म्हटलं, हात हलतोय. मग म्हटलं, भीती आहे, त्या मादीची भीती हातात बसली आहे. मंगळवारी संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की मी कॅम्पला जाणार नाही.

"का?" इसांनी विचारलं.

"माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. एकाच हातानं, एकाच नेमानं दोन ठिकाणी बाण जातात. उद्या हाडावर गेला तर? मला तो खिळा पुन्हा बघायचा नाही."

रुडी पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, खात होता. टोमणा मारायची याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती, पण तो म्हणाला, "हात हलला तर बाण सगळीकडे जातील, सैमी. दोनच ठिकाणी कसे जातील?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग उठले, बाण आणले आणि टेबलावर मांडले. खाली गेलेले एक ते सहा. वर गेलेले सात ते बारा. आकड्यांची ही गोष्ट मला दोन दिवसांत सुचली नव्हती.

"खालचे जड आहेत," रुडी म्हणाला.

"सगळे पाचशे चाळीस आहेत! मी स्वतः तोललेत. एक ते सहा शनिवारी, सात ते बारा बुधवारी. काटा तोच, खोली तीच."

इसांनी कॉफीचा कप तोंडाला लावला तो तिथंच धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांवरून मला कळलं की त्यांना उत्तर सापडलंय आणि ते मेल्यावरसुद्धा सांगणार नाहीत. पण ऐतीनं, म्हणजे आमच्या आईनं, तशी काही शपथ घेतली नव्हती. ती ताटं उचलत म्हणाली, "शनिवारचं वजन कुणी खरं धरतं का? तुझा ओनीकाका सौनातून निघाला की काट्यावर उभा राहतो आणि सांगतो, दोन पौंड उतरलो. सोमवारी पुन्हा होता तसा. आणि तू भर शनिवारी लाकूड तोललंस?"

इसा कप ठेवून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

झालं होतं असं. सबंध दुपार चुलीवरच्या फळीवर त्या सहा काड्या भाजून निघाल्या होत्या, आतला ओलावा उडून गेला होता. त्या कोरड्या अंगानं पाचशे चाळीस भरल्या. पुढं पावसात त्यांनी आपलं पाणी परत पिऊन घेतलं. मी लगेच काटा स्वयंपाकघरात आणला, दारंखिडक्या लावल्या आणि सगळ्यांना श्वास धरायला लावला. एक ते सहा: पाचशे छप्पन, पाचशे चोपन्न, पाचशे सत्तावन्न. सात ते बारा जिथल्या तिथं. सौना आमच्या घरात तीन पिढ्या होता, आणि ही चूक करायला सौनाच लागतो. दुसऱ्या गावात कुणी असं काही केलं नसतं.

"हात ठीक आहे की गं तुझा," ऐती म्हणाली. "तेवढं जेवून घे."

बुधवारी आणि गुरुवारी मी बाराही बाण उघड्या शेडमध्ये ठेवले, ज्या हवेत ते उडणार होते त्याच हवेत. शुक्रवारी सकाळी एका बैठकीत सगळे तोलले, घासले, पुन्हा तोलले. मग चाळीस पावलांवरून मारले. या वेळी एकच पुंजका झाला, माझ्या पंजाखाली झाकेल एवढा. त्यातलेही तीन बाण मी बाजूला काढले, त्यांची पिसं मला पसंत नव्हती. उरलेल्या नऊ बाणांना पातळ वार्निश लावलं, आणि कॅम्पला जाताना भात्यात फक्त चारच घातले.

"चार?" ओनीकाका म्हणाले. "एवढा आत्मविश्वास?"

"एक पुरेल," मी म्हटलं. "तीन तुम्हाला दाखवायला आणलेत."

खरं सांगते, हे बोलताना मला अजिबात धाकधूक वाटली नाही. मला माझ्या बाणांचा एकेक दाणा माहीत होता.

मंगळवारी सकाळी वारा सरोवराकडून येत होता. मी एका पडलेल्या सीडरच्या मुळाशी बसले होते, गेल्या वर्षीच्या जागेपासून फार लांब नाही. नऊच्या सुमाराला एक तरणा नर आला, दोन-तीन वर्षांचा असेल. नाक खाली घालून वास घेत, थांबत, पुन्हा चालत. सतरा पावलांवर तो आडवा झाला. मी दोरी ओढली. तो जरा पलीकडे वळायची वाट पाहिली, खांद्याच्या मागची जागा मोकळी झाली, आणि सोडला.

धनुष्य हळूच खोकलं. त्याच क्षणी नरानं एक पाऊल मागं घेतलं. का, ते त्यालाच ठाऊक. बाण जिथं जायला हवा होता तिथून चार बोटं पुढं गेला, सरळ खांद्यावर. गेल्या वर्षी गेला होता तिथंच. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नर पुढच्या पायांवर कोसळला, उठला आणि झाडीत शिरला.

माझ्या डोळ्यांपुढं सरळ तो चौथा खिळा आला. पण एक गोष्ट मी पाहिली होती, किंवा पाहिली नव्हती म्हणा: पळताना त्याच्या खांद्यावर बाण हलत नव्हता. बाण कुठंच दिसत नव्हता.

ओनीकाकांचा दंडक होता की बाण लागल्यावर एक पाईप संपेपर्यंत उठायचं नाही. मी पाईप ओढत नसे. थर्मासमधली कॉफी ओतली आणि तीन कप सावकाश प्यायले. मग उठले आणि जिथं नर उभा होता तिथं न जाता त्याच्या पलीकडे गेले. सहा पावलांवर एका मुळात बाण रुतला होता, पात्यापासून पिसांपर्यंत ओला. तो हाड फोडून, आरपार जाऊन वर मुळातही दोन इंच शिरला होता. मेपलचा सांधा शाबूत. तो उपटून निघेना म्हणून मी तसाच ठेवला आणि माग धरला. माग कसला, आंधळ्यालाही दिसला असता. पंचावन्न पावलं मोजली मी. नर एका ओंडक्याला टेकून पडला होता. सगळं केव्हाच संपलेलं होतं.

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. गेल्या वर्षीच्या त्या मादीला जे काही म्हणायचं होतं, ते तेव्हा मनातल्या मनात म्हटलं.

दुपारी रुडी सोडून सगळे जमले तेव्हा ओनीकाकांनी मुळातला बाण चाकूनं कोरून काढला. खोलीत आणून चाकूच्या पाठीवर आडवा ठेवला, बोटांनी मोजला, पात्यावरून अंगठा फिरवला. पाईप विझला होता तरी ओढतच होते.

"विल्यो," ते शेवटी म्हणाले, "असले डझनभर मला करून दे."

इसा चुलीपाशी बसले होते, मांडीवर बटाट्यांचं भांडं. "मला काय सांगतोस? मी बटाटे सोलतोय. जिनं केलेत तिला विचार."

ओनीकाका माझ्याकडे वळले. सत्तरीचा माणूस, पण चेहरा असा की शाळेत उशिरा आलेला मुलगा. "काय गं? देशील?"

"देईन की. पाचशे चाळीसच हवेत, की तुमच्या धनुष्याला सहाशे करू?"

"तुला जे बरं वाटेल ते."

"मग सहाशे. आणि वजन होईपर्यंत घाई करायची नाही. आणि शनिवारी तर माझ्याकडे यायचंच नाही."

तेवढ्यात रुडी दारातून आत आला. त्याच्या तोंडाकडे पाहूनच सगळ्यांना कळलं. सकाळी त्यानं तीस पावलांवरून एका मादीवर बाण सोडला होता. दोरीचा टणत्कार ऐकून ती खाली दबकली आणि त्याचा वेगवान बाण तिच्या पाठीवरून निघून गेला. केसही उडाला नव्हता.

"वाऱ्यानं नेला," तो म्हणाला.

"कात्री कुठं आहे?" ओनीकाका म्हणाले.

"काका, शर्ट नवा आहे! लोकरीचा आहे! परवा पोस्टानं आलाय!"

"मग छान टिकेल."

कात्री कुणी धरायची, याचा नियम पक्का होता: ज्यानं त्या दिवशी हरीण मिळवलं असेल त्यानं. रुडीनं माझ्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून उभा राहिला आणि शर्ट पँटमधून बाहेर ओढला. लाल-काळ्या चौकड्यांचा, अजून दुकानाच्या वासाचा. "सैमी, निदान सरळ काप."

"माझा हात हलत नाही हे तूच दाखवून दिलंस," मी म्हटलं, "आता भरवसा ठेव."

चांगला वीतभर तुकडा कापला मी, सरळ. त्यावर पेन्सिलीनं तारीख घातली. भिंतीवर जागा शोधत होते तेव्हा इसांनी हातातल्या सुरीनं, मान वर न करता, चौथ्या खिळ्याकडे खूण केली. तो मोकळाच होता.

आता माझं शहाऐंशीवं चालू आहे. ओनीकाका, इसा, ऐती, सगळे आमच्या टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. मी त्या वर्षानंतर चाळीस वर्षं लोकांचे बाण केले, आणि बाणांच्या प्रत्येक डब्यावर तोलल्याचा वार लिहिलेला असे. मधल्या खिळ्यावरचं धनुष्य इसांनी शेवटपर्यंत तिथंच ठेवायला सांगितलं, म्हणून ते आहे. रुडीच्या शर्टाचा तुकडाही आहे. त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. रुडी म्हणतो, माझ्यापेक्षा उंदरांचाच नेम चांगला आहे.